महिन्याभराच्या सह्या

कारखान्यात तिला सगळे नियमबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण शिलाईयंत्रं थांबली की त्या दोन खोल्यांत कुजबुजही स्पष्ट ऐकू यायची, त्यामुळे तिला ते फार पूर्वीच कळलं होतं. तोंडावर म्हणणारा माणूस एकच, साचेकाका. त्यांच्या तोंडी ते नाव लाडाचं वाटायचं.

कारखाना आपला म्हणायला. खाली दोन खोल्या, वर मालकीणबाईंची एक, आणि कामाला सगळी मिळून सात माणसं. पण इथे होणारे बूट बाजारात मिळणारे नव्हते. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाचं पाऊल अपघातानंतर आत वळलेलं. अशा पायांसाठी इथे एकेक जोड वेगळा बनायचा. त्यासाठी आधी त्या पायाचा लाकडी साचा कोरावा लागे आणि ते काम साचेकाकांचं. मालकीणबाईंच्या वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे चाळीस वर्षं, ते खिडकीशी एका बुटक्या स्टुलावर बसून पाय कोरत आले होते. माणसाचा चेहरा त्यांना पटकन आठवत नसे. पाऊल दिसलं की मात्र ते नाव, गाव, दुखणं सगळं सांगायचे.

तिच्याकडे नोंदी होत्या. कुठल्या गिऱ्हाइकाचा पाय कसा, मागच्या खेपेला काय बदललं, बूट कुठे टोचला, हे सगळं पूर्वी काकांच्या पेन्सिलीने लिहिलेल्या कार्डांवर असायचं. आता ते कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होता. त्यालाच जोडलेला दुसरा एक काकांच्या खिडकीशी होता, दवाखान्यांतून मेलने येणारी मापं बघायला.

दीड वर्षापूर्वी मालकीणबाईंनी एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं होतं. ओळखीच्या एका छापखान्यातल्या फायलींना कुणीतरी बाहेरून कुलूप घातलं होतं, ते ऐकून त्यांची झोप उडाली होती. कॉम्प्युटरवाला हसरा आणि सदा घाईत. त्याने एका दुपारी सगळ्यांना गोल बसवून दहा नियम समजावले आणि त्यांचा कागद ठेवून गेला. तो कागद भिंतीवर लावायचं आणि दर महिन्याला मोठ्याने वाचून दाखवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं, कारण बाकीच्यांना त्यात रस नव्हता आणि तिला फार होता.

नियम तिने नुसते वाचले नाहीत, राबवले. शिलाईवाल्या मावशींनी पासवर्ड सुयांच्या डबीच्या झाकणात लिहून ठेवला होता. तिने तो खरवडून काढायला लावला आणि नवा पासवर्ड त्यांच्याकडून शाळेतल्या कवितेसारखा पाठ करून घेतला. कातडं कापणारे भाऊ आपला फोन ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून चार्ज करायचे, तर ती वायर तिने कपाटात कुलूपबंद केली. अपडेट करायचं का, असं कॉम्प्युटर विचारतो तेव्हा 'नंतर' म्हणायचं नाही, म्हणजे नाही. ओळखीच्या नावाने मेल आली, पण त्यात घाई करायला लावलं असेल, तर आधी त्या माणसाला फोन करायचा आणि मगच फाइल उघडायची. आणि दहावा नियम ती जरा आवाज चढवून वाचायची: चूक झाली तर लपवू नका, लगेच सांगा, कुणी रागावणार नाही.

सातवा नियम खास तिचा होता. रोज संध्याकाळी पाच वाजता एक छोटी डिस्क कॉम्प्युटरला जोडायची. सगळ्या फायलींची नक्कल तिच्यावर आपोआप उतरते. सहा वाजता ती काढायची, पत्र्याच्या डब्यात घालायची आणि टेबलामागच्या कपाटात ठेवायची. काढायची हे महत्त्वाचं. चोर घरात शिरला तर किल्ल्यांचा दुसरा जुडगा त्याच घरात खुंटीला नको, असं कॉम्प्युटरवाला म्हणाला होता. त्यासाठी एक वही घातली होती: तारीख, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, सही.

वर्षाहून जास्त काळ तिने ते चोख केलं. मग तिचा उजवा गुडघा धरला. डिस्कची वायर टेबलाखाली, अगदी भिंतीशी. ती काढायची तर एक गुडघा फरशीवर टेकून आत हात घालावा लागे, आणि उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. एका संध्याकाळी तिने म्हटलं, आजचा दिवस राहू दे. दुसऱ्या दिवशी आभाळ कोसळलं नव्हतं. नक्कल तर आपोआप उतरतच होती. आठवड्याभरात डिस्कचा मुक्काम टेबलाखालीच पडला आणि पत्र्याचा डबा कपाटात रिकामा राहिला. भाऊंना किंवा मावशींना सांगितलं असतं तर त्यांनी रोज वाकून ती काढूनही दिली असती. पण ज्यांना आपण शिस्त लावली त्यांच्यापुढे गुडघ्याचं रडगाणं गायचं तिच्या जिवावर आलं.

वही मात्र चालू होती. रोज सहा वाजता न केलेल्या कामापुढे सही करताना तिचा हात किंचित अडखळायचा. त्यावरही तिने तोड काढली. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी ती साऱ्या महिन्याच्या वेळा आणि सह्या एका बैठकीत उरकून टाकू लागली. रोज थोडं थोडं खोटं बोलण्यापेक्षा महिन्याचं एकदाच बोललेलं बरं, असा तिचा हिशेब. या महिन्यात तर हात इतका सैल सुटला की तिने रविवारांपुढेसुद्धा सह्या ठोकल्या.

हे कुणालाच माहीत नव्हतं. फक्त एकदा काकांनी विचारलं होतं. त्यांच्या बुटक्या स्टुलावरून सगळ्यांच्या टेबलांखालचं दिसायचं. "नियमबाई, तुमच्या टेबलाखाली तो निळा दिवा हल्ली सारखा जळत असतो. पूर्वी संध्याकाळी विझायचा."

"असू द्या काका," ती म्हणाली होती. "तो पहारा करतोय."

काका हसले होते. मग आपण निवांत, असं म्हणून त्यांनी लाकूड कोरायची पटाशी पुन्हा हातात घेतली होती.

त्या महिन्याच्या नऊ तारखेला, सोमवारी सकाळी, तिने कॉम्प्युटर सुरू केला तर एकही फाइल उघडेना. नावांच्या जागी नुसता अक्षरांचा गिचमिडा, आणि मधोमध एक निरोप: तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे, उघडून हवं असेल तर पैसे पाठवा. तिने आधी मालकीणबाईंना हाक मारली, आणि मग, सगळे धावून येईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात, टेबलाखाली वाकून पाहिलं. निळा दिवा जळत होता. तिने वायर ओढली आणि डिस्क कपाटात सरकवली.

कॉम्प्युटरवाला तासाभरात आला. त्याने इंटरनेटची वायर उपटली, सगळ्यांना कॉम्प्युटरांपासून लांब उभं केलं आणि शांतपणे विचारलं, दोन-तीन दिवसांत कुणी काही वेगळं उघडलं होतं का. मग खिडकीशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"मी उघडलं," साचेकाका म्हणाले. "शनिवारी, पाच वाजून वीस मिनिटांनी. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नावाने मेल होती. लहान मुलाचं माप आहे, तातडीचं आहे, म्हणून लिहिलं होतं. उघडली तर आत काहीच नव्हतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

त्यांना कुणी दरडावलं नव्हतं, दुसऱ्या कुणाचा संशयही घेतला नव्हता. त्यांनी एका मिनिटात सांगून टाकलं. दहावा नियम आजवर त्या खोलीत पाळलाच कुणी असेल तर तो या माणसाने, ज्याला नियमांचा कागद वाचायला दोन चष्मे लागायचे.

कॉम्प्युटरवाला रागावला नाही. ही मेल मीही उघडली असती, असं म्हणाला. मग त्याचा चेहरा जरा उजळला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. डिस्क आहे ना? मग काळजी नाही, दुपारपर्यंत सगळं होतं तसं करून देतो.

तिने डिस्क दिली. कशी दिली ते तिला पुढे कितीही आठवलं तरी पुरं आठवायचं नाही. कपाटाच्या दाराआड उभं राहून तिने ती त्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि डब्यासकट त्याच्या हातात ठेवली एवढंच आठवायचं. डिस्कवरही तोच गिचमिडा होता. कॉम्प्युटरवाल्याने वही मागितली. तिने ती उघडून त्याच्यापुढे धरली आणि शनिवारची ओळ बोटाने दाखवली: लावली पाच, काढली सहा, सही. त्या ओळीखाली तिने सहज ठेवावा तसा तळहात ठेवला होता. तळहाताखाली रविवार होता, सोमवार होता, तीस तारखेपर्यंतचे सगळे दिवस सह्या होऊन पडले होते.

"काय नशीब बघा," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "पाच ते सहा, तेवढाच एक तास डिस्क जोडलेली असते. नेमकं पाच वीसला. सहानंतर उघडली असती ना, तर काही गेलं नसतं."

चाळीस मिनिटं, असं काका पुटपुटले. पुढे ते एवढंच म्हणत राहिले.

गेलं ते किती, हे सांगायला हवं. नऊशेच्या वर पायांची माहिती होती. आणि मागच्याच वर्षी, जागा होत नाही म्हणून, जुने लाकडी साचे जळणाला दिले होते आणि पेन्सिलीची कार्डं रद्दीत घातली होती. काकांचं मन तयार नव्हतं. एक भिंत तरी राहू द्या म्हणत ते दोन दिवस मागे लागले होते, आणि तीच त्यांना म्हणाली होती की काका, कॉम्प्युटरमध्ये आहे ते कुठे जातंय. पैसे पाठवायला मालकीणबाईंनी नकार दिला. चोराने किल्ली दिलीच तर ती चालेल याचा भरवसा काय, असं कॉम्प्युटरवाल्यानेही सांगितलं. पोलिसांत तक्रार झाली, सगळे पासवर्ड बदलले, आणि नवे कोरे कॉम्प्युटर नऊशे पायांची वाट बघत बसले.

मंगळवारी सकाळी काका तिच्या टेबलाशी आले. त्यांनी आपलं स्टूल उचलून आणलं होतं. म्हणाले, मला जेवढे पाय आठवतात तेवढे मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या. आठवतील तोवर सांगायला पाहिजे, म्हणाले, माझ्या डोक्याचाही काही नेम नाही.

आणि तो तिचा वनवास सुरू झाला. रोज सकाळी दोन तास काका डोळे मिटून बसायचे आणि हवेत बोटांनी एकेक पाऊल चाचपायचे. लिहा, म्हणायचे. शिंपीदादा, डावा पाय, टाच दोन बोटं उचललेली, आतल्या बाजूला कातडं दुहेरी, नाहीतर घाव पडतो. लिहा. गाणं शिकवणाऱ्या बाई, उजवा अंगठा नाही, पुढे लोकर भरायची, पण घट्ट नको. ती लिहायची. कधी एका पायाला दहा ओळी व्हायच्या. कधी मधेच बोटं थांबायची, काका पुन्हा पुन्हा हवेत चाचपडायचे, आणि मग डोळे उघडून तिच्याकडे बघत म्हणायचे, गेलं बाई, हे गेलं. माफ करा हं, तुम्हाला उगाच ताटकळत ठेवलं.

तिची माफी मागायचे ते! पहिल्या दिवशी तिला वाटलं आत्ता सांगावं. दुसऱ्या दिवशीही वाटलं. तिसऱ्या दिवशी असं वाटलं की काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आता 'काल का नाही सांगितलं' हे वेगळं सांगावं लागेल. रोज एक दिवस गेला की कबुलीवर एक दिवसाचं जास्त ओझं चढायचं. लिहिता लिहिता तिचं पेन थांबायचं. काका म्हणायचे, दमलात, आता थोडं थांबू.

कारखान्यातली माणसं वाईट नव्हती, पण माणसंच होती. भाऊ काकांसमोर एकदा म्हणाले की म्हाताऱ्या माणसाला कॉम्प्युटरपाशी बसवायलाच नको होतं. मावशींनी तिला बाजूला घेऊन कुजबुजत विचारलं, तुम्ही एवढं घसा फोडून वाचून दाखवायचात, तरी उघडलीच ना हो त्यांनी? ती काही बोलली नाही. न बोलणं हेही एक बोलणं होतं, हे तिला कळत होतं.

सर्वांत वाईट दिवस पोस्टमनबाईंचा. या बाई अकरा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. उजवा पाय तीन बोटं आखूड, आणि दिवसभर पायी टपाल वाटायचं काम. त्यांच्या बुटात काकांनी अकरा वर्षांत इतके बारीकसारीक बदल केले होते की बाई म्हणायच्या, पायात आहे हे विसरायला होतं. जुना जोड फाटला होता म्हणून त्या आल्या. काकांनी नव्याने माप घेतलं, जुना बूट उलटसुलट करून पाहिला, पण तो झिजून मूळ आकार सोडून बसला होता. आठ दिवसांत नवा जोड झाला. बाई तो घालून खोलीत चार फेऱ्या चालल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. छान आहे, म्हणाल्या, होईल सवय. त्या लंगडत होत्या. काकांनी पाहिलं, तिनेही पाहिलं. तीन दिवसांनी पुन्हा या, शनिवारी तीन वाजता, असं काका त्यांना म्हणाले, आणि बाई गेल्यावर बराच वेळ हातात तो फाटका बूट घेऊन बसून राहिले.

त्या संध्याकाळी तिने घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा भाजी चिरत होता. सुरी न थांबवता त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, मेल कुणी उघडली? काकांनी. वही कुणी पाहिली? कुणीच नाही, एक ओळ सोडून. मग झालं तर, तो म्हणाला. मुलीचं शिक्षण पुरं व्हायला अजून दोन वर्षं आहेत, तुझं वय बावन्न, गुडघा हा असा, तुला दुसरी नोकरी कोण देणार आहे. काकांचं काय, ते आज ना उद्या घरी बसणारच होते. हे त्याने दुष्टपणाने म्हटलं नव्हतं, तिच्या काळजीपोटीच म्हटलं होतं, आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती रात्री जेवली नाही. गुडघ्याला तेल लावून देऊ का, असं त्याने विचारलं तर तिने पाय आखडून घेतला.

दुसऱ्या दिवशी कळलं की काकांनी मालकीणबाईंना सांगून टाकलं होतं, शनिवार आपला शेवटचा. मालकीणबाई त्यांच्या मांडीवर खेळलेल्या. त्या रडल्या, पण नको म्हणाल्या नाहीत. नऊशे पाय गेले होते आणि कुणाला तरी त्याची शिक्षा व्हायला हवी होती.

शनिवार उजाडला, एकवीस तारीख. दुपारी सगळे जेवायला मागच्या अंगणात गेले. काका आपल्या पटाश्या एका जुन्या टॉवेलात गुंडाळत होते. ती टेबलाशी बसून होती. समोर सकाळी लिहिलेलं शेवटचं पान होतं. तीनशे चौदा पाय आठवले होते. काका उठून तिच्याजवळ आले आणि या वेळी स्टूल आणलं नसल्यामुळे उभेच राहिले.

"नियमबाई, एक विचारू? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. तुम्ही डिस्क कधी सहाच्या आधी काढता का? नक्कल झाली असेल तर साडेपाचला वगैरे? म्हणजे त्या दिवशी मी चाळीस मिनिटांनी चुकलो, की दहाच मिनिटांनी, हे मला कळलं पाहिजे. घरी बसून मी तोच विचार करणार आहे."

दहा मिनिटं की चाळीस. हा माणूस उरलेलं आयुष्य त्या मिनिटांशी झगडत बसणार होता, आणि ती मिनिटं तिने एका बैठकीत, पेन न उचलता लिहिली होती. तिने खण उघडला, वही काढली आणि या महिन्याचं पान त्यांच्यापुढे उघडं केलं. या वेळी तिने हात कशावरही ठेवला नाही.

काकांनी एक चष्मा काढून दुसरा लावला. बोटाने ओळी मोजत ते खाली आले. एकवीस. बोट थांबलं, मग आणखी खाली गेलं. बावीस, तेवीस, चोवीस. एकोणतीस, रविवार. तीस. त्यांना काही उमगलं नाही.

"हे दिवस तर अजून यायचेत," ते म्हणाले.

"काका, चार महिने मी डिस्क काढलेलीच नाही. गुडघा दुखतो म्हणून. ती रात्रंदिवस जोडलेली असायची. तुम्ही सहानंतर उघडली असती, सातला उघडली असती, रविवारी उघडली असती, तरी हेच झालं असतं. तुमची चाळीस मिनिटं नाहीत. एक मिनिटही नाही. डिस्क डब्यात असती तर तुमची चूक एका दुपारीत निस्तरली असती. नऊशे पाय मी घालवले."

काकांनी मान वळवून तिच्या टेबलाखाली पाहिलं. तिथे आता निळा दिवा नव्हता; नवी डिस्क पाच वाजेपर्यंत डब्यातच असायची.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते हळू म्हणाले. "दिव्याचं."

"हो."

"पहारा करतोय म्हणालात. मी निवांत झालो. ती मेल उघडतानासुद्धा मनात आलं होतं, काही झालंच तर बाईंचा पहारेकरी आहे."

तिला वाटलं, यापेक्षा त्यांनी तोंडात मारली असती तर सोसलं असतं. पण त्यांचं बोलून झालं नव्हतं.

"डिस्कचं राहू द्या. गुडघा माझाही दुखतो. पण अकरा दिवस, बाई. अकरा दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून लिहीत होतात. आठवलं नाही की मी तुमची माफी मागायचो." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही मागू दिलीत."

तिने मान खाली घातली. माफ करा हे शब्द तोंडाशी आले, पण ते या माणसाने अकरा दिवस वापरून वापरून इतके झिजवले होते की तिला ते उच्चारायची लाज वाटली. काकांनी टॉवेल उलगडला आणि पटाश्या एकेक करून पुन्हा आपल्या जागी लावायला लागले. पोस्टमनबाई तीन वाजता येणार आहेत, तेवढ्यात मला टाच पुन्हा घासायची आहे, असं ते तिच्याकडे न बघता म्हणाले. आणि तुम्ही वर मालकीणबाईंकडे जा, म्हणाले.

ती वर गेली. जिन्याला बारा पायऱ्या होत्या, आणि गुडघ्याने प्रत्येक पायरीला आपली आठवण करून दिली. मालकीणबाईंनी वही पाहिली, सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदा विचारलं ते हेच की काकांना सांगितलंस का. सांगितलं म्हटल्यावर त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. मी त्यांना जा म्हटलं नाही, पण जाऊ दिलं, असं त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. नोकरीवरून काढायचं की नाही ते त्यांनी आठवडाभर ठरवलं नाही. शेवटी ठेवलं. पगारवाढ थांबली, आणि जे झालं ते खाली सगळ्यांसमोर तिने स्वतः सांगायचं असं ठरलं. तिने सांगितलं. सगळं ऐकून भाऊंनी नुसतं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मावशींना गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं, मला सांगायचंत की हो, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, आणि त्यानेच तिला जास्त रडू आलं. वहीचं ते पान फाडायची परवानगी मात्र मिळाली नाही. त्या शनिवारपासून महिनाअखेरपर्यंत तिला रोज आपल्या जुन्या सहीशेजारी त्या दिवसाची खरी सही करावी लागली.

काका राहिले. पोस्टमनबाईंचा बूट चौथ्या खेपेला बसला. आठवतील तसे पाय अजूनही ते सांगतात, पण सकाळी स्टूल उचलून मावशींपाशी जातात. मावशींचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही, तरी तेच चालतं. तिच्याशी ते कामाचं सगळं बोलतात, चहा आला की कप तिच्याकडे सरकवतात, आणि तिला बाई म्हणतात. इतरांच्या तोंडी ज्या नावाचा तिला राग यायचा, ते त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही.

रोज सहा वाजता ती फरशीवर गुडघा टेकते, आत हात घालते आणि डिस्कची वायर काढते. निळा दिवा विझतो. मग ती लगेच उठत नाही. पलीकडे खिडकीशी साचेकाका पटाशी खाली ठेवतात. झालं का, असं ते विचारत नाहीत. मान वळवून तिच्या टेबलाखाली स्वतः बघतात, आणि त्यांचं बघून होईपर्यंत ती तशीच गुडघ्यावर थांबते.